मुद्देमाल क्रमांक दोनचा वास

बीडमध्ये त्या काळी स्वतःचं अत्तर स्वतः निवडायची पद्धत नव्हती. इतर गावचे लोक काय करतात हे बीडला ऐकून ठाऊक होतं. हैदराबादेत म्हणे गिऱ्हाईक गादीवर ऐसपैस बसतं, दहा कुप्या उघडायला लावतं, दहाही मनगटाला चोळून घेतं आणि डोकं दुखतं म्हणून काहीही न घेता घरी जातं. बिंदुसरा नदीच्या काठी मैनुद्दीन अत्ताराच्या दुकानात असलं काही चालत नसे. तिथं गिऱ्हाइकानं डोक्यावरचा फेटा, पागोटं, टोपी, जे काय असेल ते उतरवून द्यायचं. धुतलेलं नको, वापरातलं. चार-आठ दिवस घामात मुरलेलं असेल तर उत्तम. मैनुद्दीन ते पडद्याखालून आत सरकवी. आत त्याची बायको हजराबी बसलेली असे. ती ते नाकाशी धरी, कधी क्षणभर, तर कधी तोंडातलं पान संपेपर्यंत. मग पडद्याखालून फेटा परत येई आणि त्याच्यावर एक कुपी. ती त्या माणसाची कुपी. बदलून मिळत नसे.

"मला मोगरा पायजे व्हता," असं एखादा कुरकुरे.

"तुम्हाला पायजे असेल," मैनुद्दीन म्हणे, "तुमच्या डोक्याला वाळा पायजे."

यामागचा विचार साधा होता. माणसाला स्वतःचा वास येत नाही, आणि घरच्यांना विचारलं तर ते खरं सांगतील अशी भीती असते. तेव्हा हे काम तिऱ्हाइतानं करावं. अशा रीतीनं वीस वर्षांत तालुक्यातल्या बहुतेक मातब्बर मंडळींची डोकी हजराबीच्या नाकाखालून गेली होती. कुणाच्या डोक्यात काय मुरलंय हे तिला ठाऊक होतं. तिनं ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

अत्तर काढण्याचं काम मैनुद्दीनचं. त्याच्याकडं आजोबांच्या वेळची एक तांब्याची देग होती. दोन माणसांनी उचलावी एवढी. पहाटे मळ्यातून मोगऱ्याच्या पाट्या आल्या की फुलं आणि पाणी देगेत घालायचं, झाकण बसवून तोंड मातीनं लिंपायचं, खाली मंद जाळ ठेवायचा. झाकणातून निघालेली बांबूची नळी थंड पाण्यात बुडवलेल्या लांब मानेच्या भांड्यात उतरायची. त्याला भपका म्हणत. भपक्यात चंदनाचं तेल असे. मोगऱ्याची वाफ त्यात येऊन निवायची आणि तेल ती धरून ठेवायचं. रोज नवी फुलं, तेल मात्र तेच. असे दहा-बारा दिवस गेले की अत्तर व्हायचं. जाळ किती, हे मैनुद्दीन भपक्याला हात लावून ओळखी.

त्या देगेत तीन पिढ्या मोगऱ्याखेरीज दुसरं फूल शिजलं नव्हतं. वाळा, हिना, केवडा मैनुद्दीन हैदराबादेहून आणवी. तांबं वास धरून ठेवतं, असं अत्तारांचं मत आहे. नवी देग पहिली दहा वर्षं तांब्याचाच वास देते, पुढची दहा वर्षं गोंधळलेली असते, आणि मग कुठं तिला आपलं फूल कळतं. मैनुद्दीन तेव्हा पन्नाशीला आलेला. नवी देग घेऊन ती शहाणी होईपर्यंत थांबायला त्याला सवड नव्हती.

हैदराबादी फसली सन तेराशे एकवीसच्या चैत्रात, मोगरा ऐन भरात असताना, हैदराबादहून आबकारीचं एक नवं परिपत्रक आलं. त्यात दारूची भट्टी कशाला म्हणावं याची व्याख्या होती: धातूच्या भांड्यात फुले व पाणी घालून, तोंड लिंपून, खाली जाळ करून, निघणारी वाफ नळीवाटे दुसऱ्या भांड्यात थंड करणे. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोहाची फुलं होती. पण मोहाचं नाव घालायचं राहून गेलं. एवढं मोठं परिपत्रक लिहायचं म्हणजे एखादा शब्द राहतोच.

आबकारीचे जमादार हरिबा यांनी ते कचेरीत पेशकारांकडून दोनदा वाचून घेतलं. त्यांना वाचता येत नसे, पण ऐकलेलं ते विसरत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नदीकाठानं चालले होते, आणि परिपत्रकात सांगितलेलं सगळं, एकही कलम न गाळता, समोर शिजत होतं.

"काय शिजतंय बे मैनुद्दीन?"

"मोगरा, जमादारसाब. रोज बघता की तुम्ही."

"रोज बघतुय. पर कायदा परवा आला."

"ये अत्तर है, जमादारसाब. दारू न्हाई."

"फुलं हायत?"

"हायेत."

"जाळ हाय? नळी हाय? पानी हाय?" हरिबांनी बोटं मोजली. "मग न्हाई काय ऱ्हायलं?"

जमादारांनी भपका उघडायला लावला. जप्त केलेला अर्क अंमलदारानं जागीच चाखून पाहावा असा नियम होता, आणि आबकारी खात्यात हा एक नियम कधीही मोडला गेला नव्हता.

"चाखू नका, साब. ते कानाला लावायचं असतं."

"मला कायदा शिकवू नगं. कानाला दारू कळती व्हय?"

पहिल्या घोटाला जमादारांचं तोंड वाकडं झालं. दारूनंही ते तसंच होत असे, म्हणून त्यांचा संशय बळावला. दुसरा घोट त्यांनी संशय फिटावा म्हणून घेतला. तिसरा घोट घेतला तेव्हा तो फिटला. पण तोवर भपक्यातलं आठ दिवसांचं अत्तर संपलं होतं, आणि एकदा आरंभलेली जप्ती मधेच सोडायची तर अब्रूचा प्रश्न होता. देग, भपका आणि नळी बैलगाडीत घालून कचेरीत गेली. पंधरा दिवसांत समाधानकारक खुलासा न झाल्यास भांडे ठोकून निकामी करावे, असं परिपत्रकाच्या शेवटी लिहिलेलं होतं.

दुपारी हरिबा जेवायला घरी गेले. त्यांची बायको केसरबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली, हवेत दोनदा नाक फिरवलं आणि हातातली भाकरी परातीत आपटली.

"कुणाकडं गेलता?"

"कामावर."

"कामावर मोगरा फुलतो व्हय? आवं, शरम हाय का? लग्नात गजरा मागितला तर म्हनलात उन्हाळ्यात मिळत न्हाई. आन आता तोंडातनं वास मारतोय!"

"आगं, सरकारी वास हाय ह्यो!" हरिबांनी हात जोडले, आणि नेमका त्याच वेळी त्यांना ढेकर आला. सगळं स्वयंपाकघर मोगऱ्यानं भरून गेलं.

"सरकारला मोगरा कावून लागतो?" केसरबाई उठली. "जावा. सरकारकडनं लिहून आणा, ह्यो वास सरकारचा हाय म्हनून. तोवर ह्या उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई."

हरिबा उपाशीपोटी कचेरीत गेले आणि पेशकार सुंदररावांपुढं उभे राहिले. सुंदररावांनी तीस वर्षं कचेरीची लेखणी चालवली होती. साहेबांसमोर उच्चारलेला प्रत्येक शब्द, बोलणाऱ्याच्या नावासकट, कागदावर उतरला पाहिजे हा त्यांचा बाणा. एकदा सुनावणीत कुणी शिंकलं होतं, ती शिंकही त्यांनी साक्षीदाराच्या नावावर लिहिली होती.

"वासाचा दाखला पाहिजे," सुंदरराव म्हणाले. "ठीक. तुम्ही माल चाखलात तो थुंकलात?"

"न्हाई जी. गिळला."

"सगळा?"

"खात्री करायची व्हती."

"म्हणजे या खटल्यातला अर्क आत्ता कुठे आहे?"

हरिबांनी जरा विचार करून पोटाकडं बोट दाखवलं.

सुंदररावांनी पंचनामा काढला. देग, भपका आणि नळी मिळून मुद्देमाल क्रमांक एक, असं त्यात लिहिलेलं होतं. अर्काचा रकाना रिकामा होता, आणि रिकामा रकाना त्यांना सोसत नसे. जप्त केलेला द्रव ज्या भांड्यात असेल ते भांडं द्रवासकट जप्त करायचं, हे तर कुठल्याही कारकुनाला ठाऊक असतं.

"जमादार," ते हळूच म्हणाले, "तुम्ही आता घरी कसे जाल?"

अशा तऱ्हेनं जमादार हरिबा मुद्देमाल क्रमांक दोन झाले. त्यांच्या गळ्यात सुतळी बांधून तिच्या गाठीवर लाखेची मोहर उठवण्यात आली. मालखान्यात देगेशेजारी त्यांना जागा करून दिली. पुरावा नष्ट होऊ नये म्हणून अंघोळीला मनाई झाली. दोन वेळची भाकरी मात्र कचेरीतून मिळे. तिचा खर्च सुंदरराव भांड्यांच्या निगराणीत दाखवत. हरिबांनी विशेष तक्रार केली नाही. घरापेक्षा तिथं शांतता होती.

मैनुद्दीनच्या घरी मात्र पाट्या येतच होत्या. मळेवाल्यांना खटला कळत होता, मोगऱ्याला कळत नव्हता. पहाटे पांढरीशुभ्र आलेली फुलं दुपारपर्यंत तांबूस पडत. अंगणात ढीग साचला. हजराबीची शेळी ती फुलं खाऊ लागली आणि तिचं दूध चहात चालेना. हंगामाचे जेमतेम वीस दिवस उरले होते.

आठव्या दिवशी सुनावणी झाली. तहसीलदारसाहेब हैदराबादचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांचं उर्दू इतकं शुद्ध होतं की कुणाला कळत नसे, आणि त्यांना बारमाही नजला, म्हणजे सर्दी, असल्यामुळं नाकाचा उपयोग फक्त चष्मा टेकवण्यापुरता होता. ही गोष्ट ते लपवून ठेवत. अत्तर पुढं केलं की डोळे मिटून 'वाह' म्हणत. एकदा रिकाम्या कुपीलाही म्हणाले होते. त्यामुळं कागदावर त्यांची भिस्त. जे मिसलीत, म्हणजे खटल्याच्या कागदांत, नाही ते जगात नाही, असं ते मानत.

पंच दोन होते. शिरूर कासारचे मोहनराव देशमुख आणि लिंबागणेशचे आप्पा पाटील. दोघेही वजनदार, दोघेही मैनुद्दीनचे जुने गिऱ्हाईक. साहेबांनी हुकूम केला की पंचांनी मुद्देमाल क्रमांक दोनचा वास घ्यावा आणि तो दारूचा की अत्तराचा ते सांगावं. वास अत्तराचा ठरला की देग सुटणार होती.

हरिबांना आणून मधे उभं केलं. आता झालं होतं असं की मालखान्यात, त्यांच्या उशालाच, चोरीच्या एका खटल्यातलं हिंगाचं पोतं होतं. आठ दिवस आणि आठ रात्री.

मोहनरावांनी पुढं होऊन वास घेतला आणि मागं सरले. "मोगरा हाय. म्हंजे... व्हता."

आप्पांनी वास घेतला. "मला तर वरणाला फोडणी दिल्यावानी वाटतंय."

"आप्पा, नीट घ्या की वास."

"नीटच घेतला. भूक लागली मला."

सुंदररावांनी लिहिलं: पंच क्रमांक एक, मोगरा, होता. पंच क्रमांक दोन, वरण.

तहसीलदारसाहेबांनी कागद वाचला आणि चष्मा पुसला. मग त्यांनी निर्णय दिला. 'लिहाजा', म्हणजे 'म्हणून', हा त्यांचा लाडका शब्द. लिहाजा वासाचा पुरावा दूषित झाला आहे, लिहाजा भांड्याचीच परीक्षा झाली पाहिजे. येत्या पाच दिवसांनी, कचेरीच्या आवारात, पंचांसमोर मुलजिमानं, म्हणजे मैनुद्दीननं, स्वतःच्या हातानं या देगेत मोहाची दारू काढून दाखवावी. निघाली तर देग दारूची भट्टी आहे असं सिद्ध होईल आणि ती ठोकली जाईल. न निघाली तर सुटेल.

"हुजूर," मैनुद्दीन कसाबसा म्हणाला, "दारू तर कुठल्याबी भांड्यात निघते."

"फिर तो आसान है," साहेब म्हणाले.

मैनुद्दीन घरी आला आणि फुलांच्या ढिगाजवळ बसला. दारू निघो न निघो, देग जाणार हे त्याला कळलं होतं. मोहाचं एक आधण उतरलं की तीन पिढ्यांचा मोगरा गेला. त्यानं आत जाऊन सगळं सांगितलं. हजराबी सुपारी कातरत होती.

"हुकूम काय हाय, पुन्हा सांगा."

"मुलजिमाने स्वतःच्या हाताने दारू काढून दाखवावी."

"तुम्हाला येते?"

"तौबा! काय बोलतीस!"

"मग ज्यांना येते त्यांना इचारा."

"कुणाला येते?"

हजराबीनं अडकित्ता खाली ठेवला. "मोहनरावांच्या फेट्याला बारा वर्षं मी हिना देते. एकदा तरी इचारलं का तुम्ही, का देते म्हणून? हिना जड असते. तिच्याखाली काहीबी झाकतं. नुस्तं पिणाऱ्याच्या फेट्याला तोंडाचा वास लागतो. मोहनरावांच्या फेट्याला धुराचा लागतो. भट्टीशेजारी उकिडवं बसणाऱ्याच्या फेट्याला लागतो तो."

मैनुद्दीननं उठून दार लावलं.

"आप्पा पाटलांना केवडा. त्यांच्या पागोट्याला आंबलेल्या फुलांचा वास मरत न्हाई, दुसरं काही चालतच न्हाई तिथं. पेशकारांच्या टोपीला नवसागराचा वास, दारूत टाकतात तो. जमादाराचं तर सोडाच."

"ते कचेरीत उभं राहून सांगणार व्हय, आम्हाला येते म्हणून?"

"इचारलं तर न्हाई सांगणार. पण ज्याला एखादी गोष्ट नीट येते ना, त्याच्यासमोर ती चुकीची करून दाखवा. तो गप बसत न्हाई. वीस वर्षं तुमच्या जाळाकडं बघून मी कधी गप बसले का?"

हे मैनुद्दीनला पटलं. "आणि गप बसले तर?"

हजराबीनं पुन्हा अडकित्ता उचलला. "तर मोहाची मूठ देगेत उघडा," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी सकाळी कचेरीच्या आवारातल्या निंबाखाली चूल मांडली. देग मालखान्यातून आली. वाळलेल्या मोहाच्या फुलांची पाटीही मालखान्यातूनच आली. ती दुसऱ्या एका खटल्यातला मुद्देमाल होती आणि परत करण्याच्या अटीवर दिली होती. साहेब खुर्चीवर, पंच बाकावर, सुंदरराव जमिनीवर कागद मांडून. मालखान्याच्या खिडकीच्या गजांतून हरिबांचं तोंड दिसत होतं.

मैनुद्दीननं आधी रिकाम्या देगेखालीच मोठा जाळ पेटवला. बाकावर जराशी चुळबुळ झाली. मग त्यानं दोन घागरी पाणी ओतलं आणि खिशातून मिठाचा खडा काढून बाजूला ठेवला. आप्पा पाटलांनी मोहनरावांकडं पाहिलं. मोहनराव निंबाकडं बघत होते.

मैनुद्दीननं पाटीतून मोहाच्या कोरड्या फुलांची मूठ भरली. देगेत फुलं घालताना रोज पहाटे बिस्मिल्लाचे जे शब्द तो म्हणत असे ते सवयीनं ओठांवर आले. ते त्यानं गिळले. मूठ देगेच्या तोंडावर धरली आणि तो थांबला. देगेतून अजूनही मोगरा येत होता. तापलेल्या तांब्यानं तो आणखीच सोडला होता.

"शुरू करो," साहेब म्हणाले.

बाकावर दोन भली माणसं ओठ घट्ट मिटून बसली होती. त्याला वाटलं, हजराबीचं नाक आज पहिल्यांदा चुकलं. त्यानं एक बोट सैल केलं. एक फूल सुटलं, काठावर आपटलं आणि आत गेलं.

"आरं आरं आरं!" आप्पा पाटील उठून उभे राहिले. "कोरडीच टाकतूस व्हय बे? भिजवली कुटं?"

सुंदररावांची लेखणी हलली: पंच क्रमांक दोन, भिजवली कुठे.

"किती दिवस भिजवू, पाटील?" मैनुद्दीननं मूठ तशीच धरून अदबीनं विचारलं.

"किती म्हंजे? पाच दिवस—"

"पाच?" मोहनरावांना राहवलं नाही. "उन्हाळ्यात पाच? नासून जाईल की आप्पा! तीन लई झाले."

"तीन दिवसांत फूल फुटत तरी का? तुमच्या शिरूरकडं पानीच न्हाई, तुमी काय भिजवणार!"

"पानी न्हाई म्हनून तर कमी पान्यात कसं काढावं ते आमाला इचारा! तुमची ती लिंबागणेशाची, नुस्तं कोमट पानी. लहान लेकराला पाजावं."

"देशमुख, तोंड सांभाळून! माझी पिऊन तुमचे व्याही दोन दिस उठले नव्हते!"

"आणि गूळ, जी?" मैनुद्दीन म्हणाला.

"गूळ?" दोघेही एकदम त्याच्यावर ओरडले. गुळाबाबत शिरूर आणि लिंबागणेशचं मत एक होतं. "गूळ घालणाऱ्याच्या घरी आमी पानी पीत न्हाई!"

"साल घाल म्हणावं!" मालखान्याच्या खिडकीतून हरिबा ओरडले. "बाभळीची! आन जाळ कमी कर बे, करपंल!"

"आँच कितनी?" तहसीलदारसाहेब खुर्चीवरून पुढं वाकले होते. त्यांच्या आवाजात सरकारी काही उरलं नव्हतं.

"दिव्याएवढी, हुजूर," मोहनराव कळकळीनं म्हणाले. "दिव्याएवढीच. घाई केली की डोकं धरतंय."

"साल आणि नवसागर बरोबरच टाकायचा?" मैनुद्दीननं विचारलं.

"साल आधी. नवसागर नंतर," सुंदरराव लिहिता लिहिता, मान वर न करता म्हणाले.

लेखणी थांबली. सुंदररावांनी समोरच्या कागदाकडं पाहिलं. पानाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या. तीस वर्षांचा बाणा एका बाजूला होता आणि नोकरी दुसऱ्या बाजूला. त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि लिहिलं: पेशकार, साल आधी, नवसागर नंतर.

"मैंने हात रोक रखा है, हुजूर," मैनुद्दीन म्हणाला. त्याचा खांदा भरून आला होता. "एकदा वाचून दाखवलं तर बरं. मला येत न्हाई ना. चुकायला नको."

वाचून दाखवणं कायद्यानं भागच होतं. सुंदररावांनी वाचलं. पंच क्रमांक एक, तीन दिवस. पंच क्रमांक दोन, पाच दिवस, व व्याही. मुद्देमाल क्रमांक दोन, बाभळीची साल. साहेब बहादूर, आँच कितनी. शेवटी त्यांनी कागद पुढं केला. "पंचांनी सही करावी. मग मिसल वर जिल्ह्याला, अव्वल तालुकदारसाहेबांकडं जाईल."

आप्पा पाटील बाकावर बसले. मोहनरावांनी फेटा उतरवून मांडीवर ठेवला.

तहसीलदारसाहेबांनी कागद स्वतःच्या हातात घेतला आणि तो दोनदा वाचला. मिसलीत जे आहे ते जगात आहे. या मिसलीप्रमाणं त्यांच्या तालुक्यात दारू कशी काढावी हे पंचांना ठाऊक होतं, पेशकारांना ठाऊक होतं, जप्त मुद्देमालालाही ठाऊक होतं, आणि साहेबांना ते ठाऊक करून घ्यायचं होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या मुलजिमाला.

निकाल एका वाक्याचा होता. त्यात 'लिहाजा' सात वेळा आलं. ज्यास दारू काढता येत नाही त्याचे भांडे दारूची भट्टी असू शकत नाही. देग, भपका व नळी परत करावी. परीक्षेचा कागद अनावश्यक असल्याने मिसलीतून कमी करावा. तो कागद साहेबांनी स्वतःच चुलीत घातला. पंचांनी निकालावर इतक्या घाईनं सह्या केल्या की मोहनरावांची सही आप्पांच्या नावापुढं पडली. मैनुद्दीननं मूठ पाटीत रिकामी केली. पाटी एक फूल कमी भरली, पण त्या दिवशी मोजायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

मुद्देमाल क्रमांक दोनबद्दल निकालात काही नव्हतं. खटला संपला, मिसल बंद झाली, आणि जमादार हरिबा गळ्यात मोहर घेऊन मालखान्यातच राहिले. त्यांना सोडायचं कुठल्या हुकुमानं, हे सुंदररावांना कळेना. दुसऱ्या दिवशी केसरबाई आली. तिनं सुंदररावांना काय सुनावलं ते कचेरीबाहेरच्या पानवाल्यानंही ऐकलं. शेवटी 'जुने भांडे, नग एक, मालकिणीच्या ताब्यात दिले' अशा पावतीवर तिनं अंगठा उठवला आणि नवऱ्याला घेऊन गेली.

मैनुद्दीननं देग घरी आणली त्या दिवशी हजराबीनं झाकण काढलं आणि डोकं आत घातलं. बराच वेळ ती बाहेर आली नाही.

"एक पडलं," मैनुद्दीन म्हणाला. "एकच. तेवढं पडल्याबगर कुणी बोललंच न्हाई."

हजराबीनं ते फूल चिमटीत धरून बाहेर काढलं. गरम पाण्यात ते फुगलं होतं. तिनं देग चिंचेनं घासली, राखेनं घासली, पुन्हा वास घेतला आणि पाटीभर मोगरा आत ओतला. हंगामाचे चार-पाच दिवस उरले होते. पहिल्या दिवशीचं सगळं आधण तिनं ओतून द्यायला लावलं. दुसऱ्या दिवशीचं तिनं एका लहान कुपीत भरून वेगळं ठेवलं. तिसऱ्या दिवशी भपक्याचं तोंड उघडलं तेव्हा तिनं वास घेतला, पान तोंडात टाकलं, ते संपवलं आणि मग मान हलवली. देगेला आपलं फूल आठवलं होतं. मैनुद्दीन तिथंच, ओल्या मातीत, खाली बसला.

त्याच दुपारी केसरबाई दुकानात आली. बायका पडद्याच्या आत जात, पण ती बाहेरच उभी राहिली आणि तिनं हरिबांचं मुंडासं पुढं केलं.

"ह्याचं काय तरी करा," ती म्हणाली. "चार डाव न्हाऊ घातलं. हिंग जात न्हाई." मग आवाज उतरवून म्हणाली, "त्या दिशी आले व्हते ना, तसं असंल तर बघा. तवा मीच हाकललं. पर बारा वर्सांत तेवढा एकच दिस व्हता."

मुंडासं पडद्याखालून आत गेलं. मग ते परत आलं, आणि त्याच्यावर ती दुसऱ्या दिवसाची लहान कुपी. मोगराच, पण तळाशी कुठंतरी मोहाच्या त्या एका फुलाचा वास.

"हे दुसऱ्या कुणाला चालणार न्हाई," हजराबी पडद्याआडून म्हणाली. "कानात ठेवायचं म्हणावं. चाखायचं न्हाई."